शहाण्णव दिवसांची रजा

माझ्या हातून एका माणसाची शहाण्णव दिवसांची रजा गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी मध्येच हसायला लागले तर वाचणाऱ्यानं फसू नये. अपराधी वाटलं की मी जास्त बडबडते, ही माझी जुनी खोड आहे.

करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचं एक मोठं दुकान आहे. खाली दुकान, वर ऑफिस, आणि दिल्लीच्या हद्दीबाहेर गोदाम. सगळी मिळून पस्तीसेक माणसं. त्यांची हजेरी, रजा, आजारपणं, चहाची पत्ती, झाडूवालीची भांडणं, हे सगळं अकरा वर्षं माझ्या टेबलावर येतं. मला हुद्दा म्हणून काही नाही. पत्रावर सही करताना 'अॅडमिन' लिहिते आणि बाकी सगळे मला आंटी म्हणतात.

रजेसाठी माझ्याकडे एक रजिस्टर होतं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, लांबट. दुकान ज्या कुटुंबाचं आहे त्यांचं वर्ष दिवाळीला सुरू होतं, म्हणून आमच्या रजांचं वर्षही दिवाळीलाच. लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर माझं रजिस्टरही पाटावर ठेवायचे, मोठे मालक पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे, आणि नवं वर्ष चालू. जुन्या पानावर मी एकच काम करायची. ज्याची किरकोळ रजा उरली असेल त्याच्या चौकोनावर लाल रेघ ओढायची, म्हणजे ती संपली. हक्काची रजा उरली असेल तर चौकोन कोरा सोडायची. कोरा म्हणजे पुढं चालू, कितीही साठू दे. ही पद्धत मोठ्या मालकांनीच घालून दिली होती आणि सगळ्या दुकानाला ती पाठ होती. नवा माणूस आला की जुना माणूस त्याला सांगायचा, लाल लकीर नहीं है ना, तो तेरी है.

या पद्धतीवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवला तो आमच्या गोदामाच्या स्टोअरकीपरनी. दुकानात त्यांना फौजी म्हणतात. मूळचे सातारा भागातले, सतरा वर्षं फौजेत, मग पेन्शन घेऊन दिल्लीतच राहिले, कारण इथं नोकरी मिळाली आणि मुलाला पुढं इथल्याच क्लासला घालायचं होतं. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई. अख्ख्या दुकानात आम्ही दोघंच मराठी. महिन्यातून एकदा हिशोबाचे कागद घेऊन वर यायचे, तेव्हा खुर्ची ओढून दहा मिनिटं बसायचे आणि दोघंही दहा मिनिटं पोटभर मराठी बोलून घ्यायचो. माझ्या पोरीला रजा म्हटलं तर कळत नाही, छुट्टी बोल ना आई म्हणते, त्यामुळे ती दहा मिनिटं मला फार प्रिय होती.

भाऊंची बायको गावी. लग्नानंतर सतरा वर्षं हे सीमेवर, मग दिल्लीला, आणि ती घर, सासू-सासरे, म्हशी सांभाळत तिकडे. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, आज ना उद्या दोन्ही बदलावे लागतील, एक झाला की दीड महिन्यानं दुसरा, आणि तीन महिने उठवायला-बसवायला घरचं माणूस लागेल. त्या दिवसापासून या माणसानं हक्काची रजा घेणं बंद केलं. ताप आला तर किरकोळ रजा, भाच्याचं लग्न शनिवारी असलं तर रात्रीच्या गाडीनं परत. जानेवारीत इथली मराठी मंडळी पानिपतला लढाईच्या स्मारकावर, काला अंबला, जातात, तर रविवार नसेल तर हे जायचे नाहीत. 'लिहून ठेवा ताई,' एवढंच म्हणायचे. वर्षाला सोळा, सहा वर्षांचे शहाण्णव.

'एवढी रजा एकदम घेऊन करणार काय?' मी एकदा मुद्दाम छेडलं होतं.

'तिच्या उशाशी बसणार,' ते म्हणाले. 'अख्ख्या संसारात सलग महिनाभर एकत्र राहिलो नाही आम्ही. म्हातारपणी तरी बघू, पटतं का एकमेकांशी.'

मी हसले. ते हसले नाहीत.

गेल्या वर्षी मोठ्या मालकांनी कारभार मुलाच्या, म्हणजे छोट्या मालकांच्या, हातात दिला. मुलगा वाईट नाही. बाहेर शिकून आलेला, आंटी आंटी करतो, वाढदिवसाला केक मागवतो. पण त्याला कागद दिसला की खाज सुटते. डिसेंबरात त्यानं माझं रजिस्टर दोन बोटांत उचललं, कुंकू बोटाला लागलं ते पुसलं आणि म्हणाला, 'आंटी, ये म्यूज़ियम में देते हैं. कोई सॉफ्टवेअर देखो छुट्टियों का. बस महँगा न हो.'

महँगा न हो. या तीन शब्दांनी माझे पुढचे दोन महिने खाल्ले.

मला कॉम्प्युटर येतो. म्हणजे चिठ्ठ्या टाइप करणं, तक्ते भरणं इतपत येतो. पण सॉफ्टवेअर निवडायचं म्हणजे बाजारातून वांगी निवडण्यासारखं असेल असं जे मला वाटलं होतं, ते साफ चुकलं. वांगं निदान दाबून बघता येतं. इथं प्रत्येकाच्या पानावर एक हसणारी बाई लॅपटॉपसमोर बसलेली, आणि खाली 'आमच्याशी बोला'. बोलायला गेलं की नंबर मागतात आणि मग तेच आपल्याशी बोलत राहतात, जेवताना, मेट्रोत, आंघोळीला जाताना. एकानं तर मला एका आठवड्यात सहा फोन केले. सातव्यांदा मी त्याला म्हटलं, 'बेटा, मी तुझ्या आईच्या वयाची आहे, जरा दम खा.' तो म्हणाला, 'मॅम, दस मिनट का डेमो है.'

पहिलं जे होतं ते उत्तम होतं. त्यात सगळं होतं, अर्धी रजा, साठलेली रजा, वर्ष कुठल्याही महिन्यापासून, आणि चूक झाली तर मागं जाण्याची सोय. पण दर माणशी दर महिना इतकं मागत होते की छोट्या मालकांनी आकडा बघून फोन उलटा ठेवला. दुसरं फुकट होतं, पण दहाच माणसांपुरतं. मी विचारलं, उरलेल्या पंचवीस माणसांचं काय करू? तर म्हणे त्यांच्यासाठी पैसे भरा. तिसरं स्वस्त होतं. त्याचेही तीन प्रकार होते, आणि छोट्या मालकांनी सगळ्यात खालच्या प्रकारावर बोट ठेवलं. 'छुट्टी ही तो गिननी है आंटी, रॉकेट थोड़ी उड़ाना है.'

मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. त्या खालच्या प्रकारात वर्ष एप्रिल ते मार्चच होतं, दिवाळी त्यांना माहीतच नव्हती. फोनवर मदत नव्हती, मेल लिहायचा आणि वाट बघायची. पण दोन महिने डोक्याला झालेला ताप आता संपतोय, या आनंदात मी होते. खरं सांगायचं तर कंटाळले होते. कंटाळलेल्या माणसानं कुठलंही काम करू नये, पण मग नोकऱ्या कुणी करायच्या?

फेब्रुवारीत मी आठ दिवस बसून पस्तीस माणसांच्या रजा त्यात चढवल्या. भाऊंचे शहाण्णव लिहिताना मला अभिमान वाटला. एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुणाचाच नव्हता. मग नियमांचं पान आलं. किती रजा वर्षाला, किती किरकोळ, सगळं भरलं. एक चौकोन होता, वर्ष संपल्यावर किती दिवस पुढं न्यायचे. किरकोळ रजेला शून्य लिहिलं. हक्काच्या रजेला चौकोन कोरा सोडला.

अकरा वर्षं मी तेच करत होते. कोरा म्हणजे पुढं चालू.

त्या सॉफ्टवेअरमध्ये कोरा म्हणजे शून्य. ते कुठं लिहिलेलं नव्हतं, किंवा असेल तर मला दिसलं नाही. मार्च संपला, आणि एकतीस तारखेला कुणी काही न दाबता त्यानं आपलं वर्ष आपणच बंद केलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भाऊ वर आले. हातात मोबाइल. चेहरा खुललेला, कारण गावाहून निरोप आला होता. सातारच्या दवाखान्यात नंबर लागला होता, मेच्या पहिल्या आठवड्यात पहिला गुडघा. दोन वर्षं त्या यादीत त्यांचं नाव होतं. फक्त दवाखान्यानं लिहून मागितलं होतं की तीन महिने घरात सांभाळणारं कोण आहे.

'लिहून दिलं माझं नाव,' ते म्हणाले. 'आता अर्ज तेवढा कसा करायचा ते दाखवा ताई. यात शून्य दाखवतंय. गोदामात टॉवर नसतो ना, म्हणून असेल.'

मी फोन घेतला. शून्यच होतं. माझ्या कॉम्प्युटरवर उघडलं, तिथंही शून्य. सगळ्यांचंच शून्य, आणि नव्या वर्षाची रजा वर्ष भरल्यावरच जमा होणार होती. बाकीच्यांचे चार, सात, नऊ असे गेले होते, त्यांना अजून पत्ताही नव्हता.

'टॉवरच असेल,' मी म्हणाले. त्यांच्याशी मी एवढं एकच खोटं बोलले आहे.

ते गेल्यावर मी त्या कंपनीला मेल लिहिला. दोन दिवसांनी उत्तर आलं. सुरुवातीला माझी काळजी त्यांना कळत असल्याचं एक वाक्य, मग असं की वर्ष बंद झाल्यावर तुमच्या प्रकारात दुरुस्ती तुम्हाला करता येत नाही, ती फक्त मालकाच्या लॉगिनमधून होते. मला हायसं वाटलं. मालक म्हणजे काय, पलीकडच्या काचेच्या खोलीत तर बसतो.

मी रजिस्टर घेऊन गेले. चूक माझी आहे, हे पहिल्या वाक्यात सांगितलं. छोट्या मालकांनी शांतपणे ऐकलं. मग पान बघितलं आणि आकड्यावर थांबले.

'छियानवे? आंटी, किस कंपनी में होता है ऐसा?'

'आपल्या,' मी म्हणाले. 'मोठ्या साहेबांचीच पद्धत आहे.'

'इसमें पापा के साइन कहाँ हैं?'

मी पानं उलटली. एक, दोन, सहा वर्षांची पानं उलटली. सगळीकडे माझं अक्षर. निळ्या शाईत मी लिहिलेले आकडे, मी ओढलेल्या लाल रेघा, मी सोडलेले कोरे चौकोन. मालकांच्या हातचं म्हणून फक्त कुंकवाचं स्वस्तिक, दर वर्षी एक. त्याला कोण सही म्हणणार? मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच अक्षराचा राग आला.

त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी चांगल्या शब्दांत. एकाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. तीन महिने गोदाम कोण बघणार? पंधरा दिवस ते स्वतःहून देतील, खुशीनं. बिनपगारी हवी असेल तर तीही घेऊ द्या, पण मग त्या जागेवर दुसरा माणूस ठेवावा लागेल, आणि ठेवलेला माणूस तीन महिन्यांनी काढता येत नाही. 'आप ही बताओ आंटी, मैं ग़लत बोल रहा हूँ?'

मला चूक काढता येईना, हेच तर वाईट होतं. प्रत्येक वाक्य सुटं सुटं बरोबर होतं.

मग मी मोठ्या मालकांकडे गेले. ते रोज सकाळी अर्धा तास खाली गल्ल्यावर बसतात, उदबत्ती लावतात आणि गाडीनं घरी जातात. मला वाटलं होतं त्यांना आठवणार नाही. सगळं आठवत होतं. फौजीच्या बायकोचे गुडघेसुद्धा. 'हाँ बेटा, मैंने ही बोला था, जोड़ते जाओ,' ते म्हणाले. मग उदबत्तीची राख झटकली. 'पर अब बच्चे देखते हैं. मैं बीच में बोलूँ तो घर में महाभारत.' त्यांनी मला पेढा दिला. तो हातात धरून मी जिना चढले. तो खाल्ला की टाकला, आता आठवत नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वकिलाला विचारा, कायद्यात अशी रजा कापता येत नसेल. मी भाऊंना तसं म्हणून बघितलं. आता त्यांना सगळं सांगणं भाग होतंच. कोऱ्या चौकोनापासून सहीपर्यंत सगळं सांगितलं, त्यांच्या गोदामात, पोत्यांवर बसून. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर मला रडता तरी आलं असतं.

'वकील करायचा म्हणजे नोकरी सोडायची,' ते म्हणाले. 'पोराची परीक्षा पुढच्या वर्षी आहे. तोवर तरी इथून हलता येत नाही.' आणि उठता उठता, 'तुम्ही जेवलात का ताई?'

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

तरी मीच त्यांना म्हटलं, अर्ज करून तर ठेवा. नव्वद दिवसांचा करा. माझा वेडा हिशोब असा, की अर्ज समोर दिसला, कारण वाचलं, की छोटे मालक विरघळतील. माणूसच आहे शेवटी. केक मागवतो. मी भाऊंच्या शेजारी बसून त्यांच्या फोनवर अर्ज भरून घेतला. कारण म्हणून निवडायला पाच पर्याय होते. फिरायला जाणं होतं, स्वतःचं आजारपण होतं, लग्नसमारंभ होता. बायकोला उठवणं-बसवणं नव्हतं. आम्ही 'इतर' निवडलं.

अर्ज गेला तो थेट माझ्याकडे आला. व्यवस्थाच तशी होती, आधी मी, मग मालक. ती मीच फेब्रुवारीत लावली होती, कारण सगळे अर्ज त्यांच्या डोक्यावर नकोत असं छोट्या मालकांनी सांगितलं होतं. मी मंजूर करायला गेले तर ते बटण राखाडी. शिल्लक नसताना मंजूर करता येत नाही. दाबता येत होतं ते दुसरं.

मी आठ दिवस तो अर्ज तसाच ठेवला. रोज सकाळी उघडायची, बघायची, बंद करायची. त्या आठ दिवसांत दोनदा काचेच्या खोलीत जाऊन आले, तुमच्या लॉगिनमधून एकदा उघडून तरी बघा म्हणून. दुसऱ्यांदा छोटे मालक म्हणाले, 'आंटी प्लीज़. वो पेंडिंग मेरे यहाँ लाल दिखता है. क्लोज़ कर दो ना.' ते चिडलेसुद्धा नव्हते. त्यांना खरोखर फक्त ते लाल नको होतं.

मी भाऊंना बोलावून घेतलं. त्यांच्या पाठीमागं मला ते करायचं नव्हतं. ते आले, नेहमीसारखी खुर्ची ओढून बसले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि सांगितलं की आता माझ्या हातात एवढंच उरलंय.

'दाबा,' ते म्हणाले. 'दवाखान्यालाही आज-उद्या कळवायला हवं.'

मी दाबलं. कारण लिहिल्याशिवाय पुढं जाईना, म्हणून शिल्लक नाही असं लिहिलं आणि पुन्हा दाबलं. लगेच त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, लांब धरून बघितला. इंग्रजीत होतं.

'काय म्हणतंय?'

मी वाचून सांगितलं. 'तुमची रजा नामंजूर झाली आहे, असं लिहिलंय.'

'कुणी केली ते लिहिलंय?'

'हो. माझं नाव आहे खाली.'

त्यांनी मान हलवली. फोन खिशात न ठेवता त्यांनी तिथंच, माझ्यासमोर, घरी लावला. वहिनींनी बहुतेक वाजल्या वाजल्या उचलला, कारण हे लगेच बोलायला लागले. म्हणाले, अगं, या खेपेला जमत नाही, नंबर पुढच्या माणसाला देऊन टाक. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

'नाही गं, कुणी नाही म्हणालं नाही,' ते तिला म्हणाले. 'माझ्याच मोजण्यात चूक झाली.'